जुन्या गोदामाच्या जागेवर अंगणवाडी होणार आहे, माती विषारी आहे का हे कसं कळेल?

धुऱ्यावरचा_निंब (धागाकर्ता), ३ जानेवारी

राम राम मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला. गावठाणात रस्त्याला लागून चार गुंठे जागा आहे. तिथं पूर्वी खत-औषधाचं गोदाम होतं. टिनं वादळात उडाली, भिंतींच्या विटा ज्याला लागल्या त्यानं नेल्या, आता नुसता ओटा उरलाय. ग्रामपंचायतीनं तिथं अंगणवाडीची इमारत घ्यायचं ठरवलं आहे. निधी मंजूर आहे, म्हणून घाई आहे.

मी सात-आठ वर्षांचा असताना बाबांसोबत त्या गोदामात जायचो. दाराशी दहा टक्के बीएचसी या कीटकनाशक पावडरची पोती रचलेली असायची. फाटक्या पोत्यांतून पावडर सांडायची आणि ती खराट्यानं मागच्या दारातून बाहेर लोटायचे. एका पावसाळ्यात बरीच पोती भिजून दगडासारखी झाली, ती मागं खड्डा करून पुरली, असं बाबा सांगायचे. आता बाबा नाहीत. पण मृगाचा पहिला पाऊस पडला की ओट्यामागून तोच कुबट वास येतो, मला अजून ओळखू येतो.

सरपंच माणूस चांगला आहे. मी बोललो तर त्यांनी तिथली माती देऊन मृदा आरोग्य पत्रिका काढून आणली. त्यात सगळं ठीक. वर म्हणाले, गवत केवढं हिरवंगार उगवते बघा. माझी नात पुढच्या वर्षी अंगणवाडीत जाईल. माती खराब आहे की नाही हे नेमकं कसं तपासायचं, कुणाला सांगायचं, आणि खराब निघालीच तर तिचं करायचं काय? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

पऱ्हाटीवाला

भाऊ, आमी बीएचसी फडक्यात बांधून हातानं झटकली पऱ्हाटीवर. बैलाच्या गोचिडाले बी तेच चोळत होतो. माहा बुढा नव्वद वर्षं जगला. गावात अंगणवाडी मोठ्या मुश्किलीनं येऊन रायली, त्यात कायले खोडा घालता?

माती_तपासणारी

मी माती परीक्षण प्रयोगशाळेत अकरा वर्षं काम केलं आहे, म्हणून पत्रिकेबद्दल आधी सांगते. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पीक चांगलं यायला काय कमी आहे ते त्यातून कळतं. कीटकनाशकाचा अंश, शिसं, आर्सेनिक, पारा यातलं काहीच त्यात बघत नाहीत. सरपंचांनी आणलेली पत्रिका खोटी नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात असूच शकत नाही.

गवताचंही तसंच. बीएचसी किड्यांच्या मज्जासंस्थेवर काम करतं, गवताला मज्जासंस्था नाही.

खारपाणपट्टा

दर्यापूरहून. आमच्याकडे तर अख्खी जमीनच दूषित म्हणायची मग! पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाण्याची किती गावं खारं पाणी पितात. आमच्या विहिरीचं पाणी चहात टाकलं की दूध फाटते. आमच्याकडे पाहुणा दुसऱ्या दिवशीच निघतो, त्यामुळे खर्च वाचतो तेवढा. याचीही तक्रार करता येते का?

माती_तपासणारी

@खारपाणपट्टा दादा, त्रास खरा आहे, पण ते वेगळं. ते क्षार तिथल्या जमिनीत निसर्गानंच आहेत. तसंच यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असतं, ते खडकातून येतं. दूषित जागा म्हणजे माणसाच्या उद्योगानं जिथं विष साचलं ती. म्हणूनच तपासणी करताना एक नमुना संशयित जागेचा आणि एक त्याच गावातल्या, तशाच मातीच्या, लांबच्या वावरातला घेतात. दुसरा नमुना नसेल तर अहवालातल्या आकड्याची तुलना कशाशी करणार?

संत्र्याची_बाग

@पऱ्हाटीवाला काका, तुमच्या वडिलांचं ऐकून आनंद झाला. पण माझा अनुभव ऐका. मी वरुडकडची. आमच्या शेजाऱ्यानं धुऱ्याजवळचा कोपरा एका भंगारवाल्याला भाड्यानं दिला होता. तो जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. तेजाब तिथंच ओतायचा. दोन वर्षांत आमच्या तीन शेळ्या मेल्या. आधी दात खाणं, मग आंधळ्यासारखं भिंतीवर आदळणं. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी विचारलं की जवळ कुठं बॅटरी फोडतात का, तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

माझी सासू त्या जमिनीवर रोज अनवाणी चालायची, तिला काही झालं नाही. मुलगा मात्र तेव्हा दीड वर्षाचा, दिसेल ते तोंडात घालायचा. त्याच्या रक्तात शिसं जास्त निघालं. तीच जमीन, तेच घर, पण मोठ्याचं आणि लहानाचं गणित एक नसतं. मोठा माणूस माती तुडवतो, लहान लेकरू माती खातं. शिवाय शिसं लेकराच्या पोटातून रक्तात जास्त उतरतं आणि मेंदू तर तेव्हाच घडत असतो.

म्हणून अंगणवाडी म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. धागाकर्ते दादा, मागे हटू नका.

पऱ्हाटीवाला

ताई, पोरगा बरा हाये नं आता?

संत्र्याची_बाग

हो काका, आता चौथीत आहे. आम्ही जागेपासून लांब नेल्यावर दर तपासणीत शिसं कमी होत गेलं.

बुटीबोरी_लोकल

संत्र्याची_बाग ताईंच्या जमिनीत शिसं होतं, निंब भाऊंच्या जागेत बीएचसी असण्याची शक्यता आहे. दोन्ही विषांचा स्वभाव वेगळा आहे, तो समजून घ्या.

शिसं हे मूलद्रव्य आहे. ते सडत नाही, जळत नाही, शंभर वर्षांनीही शिसंच राहतं. बहुतेक वरच्या वीतभर मातीतच अडकून बसतं. त्याला एकतर उचलून न्यायचं किंवा झाकायचं.

बीएचसीला खरं नाव हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन. कारखान्यात ते बनतं तेव्हा चार-पाच प्रकारांचं मिश्रण निघतं. त्यातला गॅमा हा एकच प्रकार कीड मारतो, त्यालाच लिंडेन म्हणतात, आणि तो मिश्रणात साधारण १० ते १५ टक्केच असतो. बाकी सगळा फुकटचा भार होता, तोही आपण शेतात टाकला. त्यातला बीटा प्रकार सगळ्यात चिवट, दशकानुदशकं टिकतो. देशात बीएचसीवर १९९७ पासून बंदी आहे, पण पुरलेल्या पोत्यांना बंदी कळत नाही.

हे पाण्यात फार कमी विरघळतं, चिकणमाती आणि सेंद्रिय कर्बाला चिकटून बसतं. आपल्या काळ्या मातीत ते धरून ठेवायची ताकद आहे, हा त्यातल्या त्यात दिलासा. पण हीच काळी माती चैत्र-वैशाखात हातभर भेगाळते. भेगेतून पावडर आणि पावसाचं पहिलं पाणी थेट खाली मुरमापर्यंत जातं. त्याखाली काळा पाषाण, त्याच्या फटी कुठून कुठं जातात ते वरून दिसत नाही. म्हणून ओट्याच्या उताराकडे विहीर किंवा हापशी असेल तर तिचं पाणीही तपासा.

आणि हे चरबीत साठतं. त्या जागेवर चरणाऱ्या गाई-शेळ्यांचं दूध, टोचणाऱ्या कोंबड्यांची अंडी, हा घरात यायचा मुख्य रस्ता.

खापरखेडा_पार

आमच्याकडे राखेचा प्रश्न आहे. औष्णिक वीज केंद्राची राख पाण्यात कालवून तलावात सोडतात. २०२२ च्या जुलैत खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, राख शेतांत आणि नाल्यात पसरली. सुकली की उन्हाळ्यात तीच उडते. धुणं वाळत घातलं तर करडं होतं. राखेत आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम असतं. सगळे म्हणतात राख शेताला चांगली, मोजून टाकली तर असेलही, पण गुडघाभर राखेत सोयाबीन उगवत नाही.

वेगळा धागा काढावा का?

धुऱ्यावरचा_निंब

@खापरखेडा_पार काढा दादा, मी नक्की वाचेन. इथं मला आत्ता नियमांचं कुणी सांगेल का? तहसीलमध्ये गेलो तर हा विषय कोणत्या टेबलचा तेच कुणाला कळेना.

वकिली_आणि_वावर

मी पुसदला वकिली करतो, घरी कास्तकारी आहे.

२०२५ च्या जुलैपर्यंत दूषित जमीन कशी ओळखायची आणि कुणी साफ करायची याचे वेगळे नियम आपल्या देशात नव्हते. मग पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आले. तेव्हाच्या बातम्यांनुसार देशभरात १०३ जागा ओळखलेल्या होत्या आणि त्यांतल्या फक्त ७ ठिकाणी सफाईचं काम सुरू होतं. तुमच्या गावासारखी पुरलेली पोती त्या १०३ मध्ये धरलेली नसणार हे उघड आहे.

नियमांचा क्रम असा. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन संशयित जागांची यादी करतं, लोकांच्या तक्रारीवरूनही. मग राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करतं. संशय टिकला तर आणखी तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. जागा दूषित ठरली की ती जाहीर होते, तिथल्या वापरावर निर्बंध येतात, तज्ज्ञ संस्था सफाईचा आराखडा करते आणि ज्यानं घाण केली त्याच्याकडून खर्च घेतात. तो सापडलाच नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्य मिळून खर्चाचं बघतात.

आपल्या भागासाठी महत्त्वाचं म्हणजे खाणकामानं झालेलं प्रदूषण, किरणोत्सारी कचरा, समुद्रातली तेलगळती आणि गावा-शहरांच्या कचरा डेपोचा घनकचरा हे या नियमांतून वगळले आहेत, त्यांना वेगळे कायदे आहेत. वणी-घुग्घुसच्या कोळशाच्या मंडळींनी इथं आशा लावू नये. तुमचं पुरलेलं कीटकनाशक बसतं.

म्हणून टेबल शोधत फिरू नका. ग्रामसभेचा ठराव घ्या. २६ जानेवारीची ग्रामसभा तोंडावर आहे. ठराव जिल्हाधिकारी कार्यालयात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या, पोच घ्या. अर्जात "दूषित आहे" असं लिहू नका, ते तुम्हाला सिद्ध करावं लागेल. "संशयित दूषित जागा" असं लिहा.

शेजारचं_वावर

हे सगळं छान आहे, पण त्या चार गुंठ्यांना लागून ज्याचं घर किंवा वावर आहे त्याचा विचार कुणी केला का? एकदा दूषित म्हणून नाव लागलं की जमिनीचा भाव मातीमोल. बँक कर्ज देणार नाही, पोरीच्या सोयरिकीलासुद्धा लोक विचारतील. आमच्याकडे एका विहिरीचं पाणी खराब निघालं होतं, तर त्या कास्तकाराचा भाजीपाला बाजारात कुणी घेईना. नंतर विहीर चांगली निघाली तरी दोन हंगाम गेले. मी गप्प बसा म्हणत नाही, पण बोर्ड लावायच्या आधी नक्की करा.

वकिली_आणि_वावर

@शेजारचं_वावर तुमची भीती रास्त आहे. म्हणूनच सीमा आखणं गरजेचं. नमुने नीट घेतले तर नकाशावर दिसतं की विष ओट्यामागच्या अर्ध्या गुंठ्यात आहे आणि शेजारचं वावर स्वच्छ आहे. तो कागद शेजाऱ्याच्याच कामाचा आहे. तपासणी न करता नुसती कुजबुज राहिली तर अख्खी गल्ली बदनाम होते.

खर्चाबद्दल एक जुना दाखला. उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या कारखान्यांनी एच-आम्ल नावाचं रसायन बनवलं आणि गाळ उघड्यावर टाकला. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सांगितलं की ज्यानं प्रदूषण केलं त्यानंच भरावं. तरी पैसे निघाले नाहीत, २०११ मध्ये त्याच न्यायालयाला चक्रवाढ व्याजासकट भरा म्हणावं लागलं. वीस-बावीस वर्षं गावानं काय प्यालं असेल, विचार करा. म्हणून मी म्हणतो, तुमची जागा आज मोकळी आहे, इमारत व्हायच्या आत बोला.

पऱ्हाटीवाला

मी काल रातभर इचार केला. बुढा नव्वद वर्षं जगला हे खरं हाये, पण २०१७ मधी आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना वीसच्या वर माणसं गेली, हे बी मी पाह्यलं हाये. आमच्या गावातला एक पोरगा तवा दवाखान्यात होता. औषधाले हलकं समजू नये, हे मले कळाले पायजे होतं.

भाऊ, तुमच्या गावात त्या काळचा हमाल कोनी जित्ता हाये का? पोती पुरली ती हमालानंच पुरली असतीन. त्याले इचारा. आमच्याकडे असं पुरताना वरून चुना टाकत होते.

बुटीबोरी_लोकल

काका, लाखाची गोष्ट बोललात. हमाल शोधा, कारण यंत्र आणण्याआधी खणायचं कुठं ते माहीत हवं. चुन्याबद्दल मात्र सावध करतो. चुन्यानं बीएचसीचा काही भाग तुटतो, पण त्याचे ट्रायक्लोरोबेंझीन होतात, ती वेगळी रसायनं आहेत, आणि चिवट बीटा प्रकार तसाच राहतो. चुना टाकला म्हणजे संपलं असं नाही.

माती_तपासणारी

नमुना कसा घ्यायचा ते लिहिते, कारण इथंच सगळे चुकतात.

शेताची माती देताना आपण नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे करतो, सगळी माती ताडपत्रीवर एकत्र करतो, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देतो, अर्धा किलो उरली की पिशवीत. पिकासाठी हे बरोबर आहे. विषासाठी हे केलं तर एका जागचं जहर नऊ जागांच्या चांगल्या मातीत मिसळून दिसेनासं होतं. सरपंचांनी बहुधा तशीच माती दिली असेल, त्यात त्यांची चूक नाही, सगळ्यांना तेच शिकवलं आहे.

इथं माती एकत्र करायची नाही. जागेवर दोरीनं चौकटी आखा. मागचं दार, पुरलेला खड्डा आणि पाणी वाहून जातं तो उतार इथं दाट, बाकी विरळ. प्रत्येक ठिकाणी वरची वीतभर वेगळी, त्याखालची वीत वेगळी, आणि खड्ड्याच्या जागी आणखी खोल. दोन नमुन्यांच्या मध्ये खुरपं धुऊन पुसायचं. कीटकनाशकासाठी प्लास्टिकची पिशवी चालत नाही, काचेची रुंद तोंडाची बरणी आणि थंड डबा लागतो. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची हवी, आणि "ऑरगॅनोक्लोरिन कीटकनाशकं, गॅस क्रोमॅटोग्राफीवर" असं स्पष्ट सांगायचं, बीएचसी त्याच गटातलं आहे. दर आधी विचारा, मगच नमुन्यांची संख्या ठरवा.

पण खरं सांगू? तुम्ही स्वतः खणू नका. पुरलेलं पोतं फुटलं तर धूळ तुमच्याच नाकात जाईल. जागा ओळखून द्या, नमुने मंडळाला किंवा प्रयोगशाळेच्या माणसाला घेऊ द्या, तुम्ही शेजारी उभे राहून वहीत लिहा आणि फोटो काढा.

नवीन_सभासद_यवतमाळ

खराब निघाली तर पेटवून द्यायची, खलास.

बुटीबोरी_लोकल

@नवीन_सभासद_यवतमाळ कृपा करून असं करू नका. क्लोरीन असलेलं रसायन उघड्यावर जाळलं की डायॉक्सिन तयार होऊ शकतं, ते मूळ पावडरीपेक्षा वाईट. अशा कचऱ्यासाठी फार जास्त तापमानाची बंद भट्टी लागते. भोपाळच्या वायुगळतीच्या कारखान्यातला साठवलेला ३३७ टन कचरा हलवायला चाळीस वर्षं गेली. २०२५ च्या जानेवारीत बारा कंटेनरांतून पिथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळून झाला. त्याआधी तोच कचरा आपल्या नागपूरकडे जाळायचा विषय निघाला होता, इकडे विरोध झाला. आणि हा झाला गोळा करून ठेवलेला कचरा, तिथली माती आणि भूजल अजून बाकीच आहे.

तुमच्यासारख्या छोट्या जागेला मोठं तंत्र लागत नाही. पुरलेली पोती आणि भोवतालची माती उकरून, बंद पिंपांत भरून, घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यायची. विदर्भात असं केंद्र बुटीबोरीला आहे. उरलेल्या सौम्य भागावर चिकणमातीचा थर देऊन ती जागा लेकरं आणि जनावरांपासून बंद ठेवायची. जिवाणूंचाही मार्ग आहे. लखनौजवळ उम्मरी इथं लिंडेनच्या कारखान्याचा कचरा टाकला होता, संशोधकांना त्याच मातीत हे विष खाणारे स्फिंगोबियम जातीचे जिवाणू सापडले. पण त्याला वेळ आणि देखरेख लागते, अंगणवाडीच्या तारखेत ते बसणार नाही.

संत्र्याची_बाग

आम्ही झाकण्याचाच मार्ग घेतला. शिशाचा कोपरा खरवडला नाही, वर फूटभर चांगली माती टाकली, कुंपण केलं आणि सागवान लावलं. तिथं मेथी-पालक कधीच लावायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. सातबाऱ्याच्या फाईलमध्ये तपासणीचा कागदही लावलाय. उद्या मुलानं जमीन विकली तर घेणाऱ्याला कळायला हवं.

धुऱ्यावरचा_निंब (धागाकर्ता), २७ जानेवारी

मंडळी, उशिरा लिहितोय.

पऱ्हाटीवाला काकांनी सांगितलं तसा हमाल शोधला. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांना बंडीतून ओट्यावर नेलं. त्यांनी आधी विचारलं, चिचेचं झाड कुठाय? चिच कधीच तुटली, पण बुंध्याची खूण सापडली. तिथून अकरा पावलं मोजून काठी रोवली आणि म्हणाले, इथं दोन डोकी खोल, वर चुना. मी आजवर समजत होतो त्यापेक्षा ती जागा बरीच पुढं निघाली. आराखड्यात नेमकी तिथंच अंगणवाडीची हापशी दाखवली आहे.

काल ग्रामसभेत हे सगळं मांडलं. सरपंच पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग स्वतःच म्हणाले, माझाही नातू त्याच अंगणवाडीत बसणार आहे. ठराव एकमतानं झाला. अंगणवाडी शाळेच्या मागच्या पटांगणात घ्यायची आणि जुन्या जागेचा अर्ज "संशयित दूषित जागा" म्हणून पाठवायचा. आज सकाळी दोन्ही अर्जांची पोच घेतली. ओट्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलंय. उताराकडच्या विहिरीचं पाणी तपासायला दिलंय, तोवर पिण्याचं पाणी दुसऱ्या विहिरीवरून आणायचं ठरलं. अहवाल आला की इथंच टाकतो.

एक विचारायचं राहिलं. शेजारच्या घरच्या कोंबड्या दिवसभर तिथंच असतात.

माती_तपासणारी

काट्यांतून कोंबड्या आरामात जातात, बारीक तारेची जाळी लावा, खालून वीतभर मातीत गाडून. आणि शेजाऱ्यांना सांगा, अहवाल येईपर्यंत ती अंडी लेकरांना देऊ नका.

पऱ्हाटीवाला

जाळी माह्याकडे पडून हाये, संत्र्याच्या रोपवाटिकेची उरलेली. दारव्ह्याले येतो शुक्रवारी, घेऊन येतो.